तीन नुक्ते

रजिस्टरमध्ये एवढंच: "ताट. चिनी. फुटकं."
वळणदार अक्षर, जांभळी शाई,
खाली देणगीदाराचं नाव, कसरीनं अर्धं खाल्लेलं.

वाळूच्या उशीवर मी ते पालथं घालते.
पाठीवर अकरा पितळी टाके,
भेंडीबाजारातल्या कुणा जोडाऱ्यानं
सामत्यानं भोकं पाडून घातलेले.
एकेक सोडवते आहे. आज सातवा.

कड तुटलीय तिथं बोट लावलं तर
साखरेसारखं रवाळ लागतं:
गारेचं पीठ, थोडी काच, चिमूटभर पांढरी माती.
म्हणजे हे चीनचं नाहीच.
किरमानचं आहे, सफवी काळातलं,
जिथं ती माती नव्हती
आणि हौस मात्र दांडगी होती.

निळा तेवढा घरचा.
काशानच्या डोंगरातला काळपट दगड,
भाजला की लाजवर्दी.
तोच एके काळी गलबतांतून चीनला गेला,
तिथल्या पांढऱ्यावर बसला, मोठा झाला,
आणि पाहुणा होऊन परत आला तेव्हा
माहेरच्यांनीच त्याची नक्कल करायला घेतली.

ड्रॅगन काढलाय, कधीच न पाहिलेला.
पाल आणि कोंबडा यांच्या मधला कुणीतरी,
शेपटीपाशी रंग फुटलेला,
सदऱ्याला नीळ जास्त लागावी तसा.

आणि तळाला, चौकोनात, चार अक्षरं.

बीजिंगहून आलेल्या बाईंनी भिंग लावलं,
बराच वेळ पाहिलं, मग हसल्या.
अक्षरं नाहीत ही, म्हणाल्या,
अक्षरांसारखं काहीतरी आहे.
सिधवा मॅडम म्हणाल्या, लेबलवर घाल: खोटा शिक्का.
मी अजून घातलेलं नाही.

माझे बाबा डोंगरीत उर्दू पाट्या रंगवायचे.
उर्दू त्यांना यायची नाही.
इमामवाड्याजवळचे आगा मन्सूर कागदावर लिहून द्यायचे,
बाबा पेन्सिलीनं घरं पाडून ते मोठं करायचे,
चित्र काढावं तसं.
"काशानी चिनी स्टोअर":
कपबशा, बरण्या, लग्नाचे डिनर सेट.
एकदा "चे"खालच्या तीन नुक्त्यांतले
दोन राहूनच गेले.
चिनीचं जिनी झालं.
आठवडाभर गल्लीतली पोरं
ओ जिनीवाले, म्हणून ओरडत पळायची.
बाबा डबा-ब्रश घेऊन गेले, मान खाली घालून.
आगा म्हणाले, रहने दो मिस्त्री,
हसायला येतात आणि कप घेऊन जातात.
पैसे पुरे दिले. वर एक निळी बशी.
आमच्याकडे तिच्यात अजून मीठ असतं.

परवा ताडवाडीत गेले, फोनवर फोटो दाखवला.
एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसरा पिकायचाय.
फोन नाकाशी धरून
त्यांनी टेबलाच्या मेणकापडावर बोट फिरवलं,
एकदा, सावकाश.
मग थांबून, उलट बाजूनं.

"डावीकडून नाही आला गं हा.
उजवीकडून ओढलाय प्रत्येक फराटा.
रंग बघ कुठं साचलाय.
ब्रश उचलतो ना आपण, तिथं थेंब राहतो."

मी पाहिलं. प्रत्येक आडव्या रेघेच्या डाव्या टोकाला
एक गडद ठिपका होता.
तीन महिने तो माझ्या भिंगाखाली होता.

आयुष्यभर उजवीकडून लिहिलेला एक हात
न येणाऱ्या लिपीत
आपल्याच सवयीनं शिरलेला.

"काय लिहिलंय?"
काही नाही, बाबा. अर्थ नाही त्याला.
"असं कसं? एवढं मन लावून काढलंय."
पुन्हा फोन नाकाशी.
आत आईनं फोडणी दिली, मीठ मागितलं,
मी बशी उचलून दिली.

बराच वेळानं, फोन परत देताना:
"पैसे पुरे दिले का रे त्याला कुणी?"

उद्या आठवा टाका.
लेबलची जागा रिकामी आहे.